विलायती लॉरी कुणी बुडवली?

आमच्या कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या गॅरेजवाल्या शमशुद्दीन मिस्त्रींना एवढंच विचारायचं, "मिस्त्री, विलायतेतले लॉरीचे कारखाने कुणी बुडवले?" मग चहा त्यांच्याकडून. मी कित्येक वर्षं हा चहा पितोय.

उत्तर ठरलेलं. मालकांनी नफा खाल्ला, नवी मशिनं घेतली नाहीत. कामगार ऊठसूट संपावर. आणि सरकारनं तर न पटणाऱ्या कंपन्या एकत्र बांधल्या, म्हणजे भांडकुदळ जावांना एका चुलीवर बसवलं. शेवटी कॉलर ताठ करून मिस्त्री म्हणणार, "आणि थोडे म्या बी बुडवले. माझ्या हातची गाडी असल्यावर कोण नवी घेतंय?"

पुरावा गॅरेजसमोरच उभा. शिरोळच्या बापूसोंची विलायती लॉरी. त्यांच्या वडिलांनी तिच्यातून गूळ वाहिला. पुढं कंपनी बंद पडली, पार्ट यायचे थांबले, तेव्हा मिस्त्रींनी उद्यमनगरातल्या फाउंड्रीत नमुने देऊन एकेक पार्ट ओतून घेतला. अजून पहिल्या सेल्फला उठते. मिस्त्रींना तिचा एवढा लळा, की हुस्नाभाभी तिला सवत म्हणतात.

गेल्या महिन्यात बापूसोंनी ती विकायला काढली. जुन्या गाड्या जमवणारे पुण्याचे एक शौकीन बघायला आले. मिस्त्रींचं तोंड सकाळपासून उतरलेलं. पाहुण्यांनी इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, ब्रिटिश कामाला तोड नाही. सगळं ओरिजिनल आहे, एवढं मिस्त्रींनी सांगावं, की सौदा पक्का.

नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. बापूसो डोळ्यांनी विनवत होते. पण आपल्या कामाला दुसऱ्याचं नाव? मिस्त्रींची मान ताठ झाली.

"पावणं, ह्यात विलायती म्हंजे फकस्त म्होरली पाटी. बाकी समदं कोल्हापूर हाय."

पाहुणे आल्या वाटेनं गेले. बापूसो असे तापले की त्यांच्यावरच चहा उकळला असता. मी हळूच विचारलं, मिस्त्री, हे अभिमानापोटी बोललात, की सवत दारात राहावी म्हणून? त्यांनी लगेच चहा मागवला.

रागारागातच बापूसो लॉरीत चढले आणि सेल्फ मारला. बया लगेच उठली. तो आवाज ऐकता ऐकता त्यांचा चेहरा सैलावला. खाली उतरून म्हणाले, "मिस्त्री, मग ती पाटी तरी विलायती कशाला ठेवायची?"

आता लॉरीच्या तोंडावर उद्यमनगरात ओतलेली पाटी आहे, 'कोल्हापूर'. जुनी पाटी हुस्नाभाभींनी मोगऱ्याच्या कुंडीखाली ठेवलीय. विचारलं तर म्हणतात, "सवतीचं माहेर हाय, टाकून कसं चालंल?"