जुन्या केबलचा रविवार

आमच्या भावजींना सगळे ‘इंजिनियर’ म्हणतात. ते इंजिनियर नाहीत. दोन वर्षं त्या शिक्षणात काढली, तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं, आणि गेली अठरा वर्षं ते एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतात. काच केसभर जास्त घासली गेली तर फ्रेममध्ये खुळखुळते, केसभर कमी घासली तर बसतच नाही. एवढं नाजूक काम करणाऱ्या माणसाला लोक चेष्टेने इंजिनियर म्हणतात, आणि ते त्यांना बोचतं हे मला ठाऊक होतं. तरी मीही म्हणायचे. जिभेला हाड नाही, दुसरं काय!

माझा नवरा बोटीवर स्वयंपाकी आहे, वर्षातले आठ महिने घराबाहेर. घरात मी, माझी मुलगी आणि हे माझे धाकटे दीर. चौथा मेंबर म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर. मागच्या खोलीत खिडकीखाली तो बसलेला असतो, एका बाजूची पत्र्याची फळी कायम काढलेली, आतले पंखे, तारा आणि लाल-निळे दिवे उघड्यावर. झाकण लावा की हो, असं मी म्हटलं की भावजी म्हणत, “लावलं की परत काढावं लागतं, वहिनी.”

त्यांना गेम खेळायचं भारी वेड. पण खेळताना मी त्यांना फार पाहिलंच नाही. मोठमोठे ट्रक डोंगरातून चालवायचा एक गेम होता. त्यात ट्रकची सावली रस्त्यावर नीट पडत नाही म्हणून अख्खी सुट्टी सेटिंग करण्यात घालवायची, मग दहा मिनिटं ट्रक चालवायचा, मग एक पंखा घरघरतोय म्हणून सगळं बंद करून तोंडात टॉर्च धरून जमिनीवर आडवं व्हायचं. कधी चित्र अडखळे, कधी माइक मुका होई, कधी रात्रीत काहीतरी आपोआप अपडेट होऊन सकाळी आवाजच गायब. मग भावजी त्या यंत्राला अशा शिव्या देत की शेजारणीला वाटावं, दीर-भावजय भांडतायत.

पण माझ्या मुलीचा या काकावर जीव. ती अॅनिमेशन शिकते. शेवटच्या वर्षासाठी तिने अकरा मिनिटांची एक फिल्म केली होती, एकटीने, दोन वर्षं खपून. तिच्या लॅपटॉपला ते काम झेपेना, तेव्हा भावजींनी स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये एक मोठी डिस्क तिच्यासाठी बसवली. शिवाय दर रविवारी त्या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ती कपाटात ठेवायची, हा त्यांचाच नेम. त्या फायली इतक्या जड की आमच्या घरच्या नेटवरून वर चढवायच्या म्हटलं तर महिना गेला असता. त्यामुळे जे काही होतं ते या दोन डिस्कांवर. मंगळवारी फिल्म कॉलेजात द्यायची होती.

त्या आधीच्या आठवड्यात कॉम्प्युटर मधेच बंद पडू लागला. तिचं काम ऐन रंगात आलं की फट्, पडदा काळा. भावजींनी दोन दिवस डोकं खाजवून निदान केलं की पॉवर सप्लाय म्हातारा झालाय. पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या पोटाला पचेल तेवढी वाढणारा डबा. शनिवारी ते नवा डबा घेऊन आले. रविवारी सकाळी मुलगी आवाज भरायला मैत्रिणीकडे गेली, चारपर्यंत येते म्हणाली, आणि भावजी खोलीत शिरले.

अकराच्या सुमारास मी चहा घेऊन गेले. कॉम्प्युटर चालू होता. सगळे दिवे लागलेले, पंखे फिरत होते, पडद्यावर ट्रकचं चित्र. आणि भावजी त्याच्यापुढे जमिनीवर मांडी घालून बसले होते, दोन्ही हात मांडीवर पालथे. खोलीत हलका जळका वास होता.

“झालं ना काम?” मी विचारलं.

“चालू झाला,” ते म्हणाले. चहाकडे पाहिलंही नाही. मग म्हणाले, “वहिनी, डिस्का दिसत नाहीयेत.”

“डिस्का म्हणजे?”

“दोन्ही.”

दोन्ही कशा? एक तर कपाटात असते ना! तर ती कपाटात नव्हती. नवा डबा बसवल्या बसवल्या आधी कॉपी करून टाकू, मंगळवार जवळ आलाय, उगाच जोखीम नको, म्हणून या शहाण्या माणसाने दुसरी डिस्कसुद्धा आधीच आत जोडून ठेवली होती. काळजीपोटी. काळजी घेतली नसती तर एक वाचली असती.

आणि चूक काय झाली म्हणाल तर ऐका. नव्या डब्याबरोबर नव्या केबली आल्या होत्या. भावजींनी मोठ्या केबली नव्या लावल्या, पण डिस्कांकडे जाणारी एक तेवढी जुनीच ठेवली. का, तर ती त्यांनी दोन रविवार खर्चून पत्र्यामागून अशी सुबक बांधून नेली होती की सोडवायची म्हणजे बांधलेले सगळे प्लास्टिकचे पट्टे कापावे लागले असते. जुनी केबल नव्या डब्यात बसली. अगदी टक् असा आवाज करून बसली. पण प्रत्येक कंपनी डब्याच्या बाजूला तारांचा क्रम आपल्या मनाने लावते. जिथे पाच व्होल्ट जायचे तिथे बारा गेले. हे भावजींना माहीत नव्हतं असंही नाही. त्यांनी स्वतः कितीतरी पोरांना फोनवर सांगितलंय की बाबांनो, केबली एकमेकांच्या वापरू नका. पट्टे सुंदर बांधले होते, तेवढ्यापायी विसरले.

मी चहा खाली ठेवला आणि बोलले. बोलायला नको होतं ते बोलले. “तुमचं आयुष्यभर हेच चाललंय. अर्धवट करायचं आणि दुसऱ्याच्या गळ्यात टाकायचं. स्वतःचं शिक्षण बुडवलंत, आता माझ्या पोरीचं बुडवा.”

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. “बरोबर आहे,” एवढंच म्हणाले. ते उलटून काही बोलले असते तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती. दोन वर्षं. पोरीचे डोळे लाल व्हायचे, मी तेल चोळून द्यायचे तिच्या मनगटांना. मी तिथेच पलंगावर बसले.

मग चार वाजेपर्यंतचे ते तास. भावजींनी डिस्का बाहेर काढून टेबलावर ठेवल्या. चष्म्याच्या दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं आणि डिस्कच्या खालच्या हिरव्या पट्टीवर वीज तपासायच्या मीटरच्या सुया टेकवल्या. मीटर पीं करून ओरडला. दुसऱ्या डिस्कवरही ओरडला. मला वाटलं, संपलं. पण भावजींच्या चेहऱ्यावर जरासा रंग परतला.

“इथे तांदळाएवढा एक काळा तुकडा असतो,” ते म्हणाले. “राखणदार म्हणा. वीज जास्त आली की तो स्वतः मरतो आणि आतल्यांना वाचवतो. आता तो मरून वाटेत पडलाय, म्हणून डिस्क चालू होत नाहीये. त्याला उचलून काढलं, तर कदाचित चालेल.”

“आणि नाही चालली तर?”

“तर आतलं पण गेलं असेल.”

डिस्कमधला माल काढून देणारी एक लॅब आहे, तिकडे फोन केला. रविवार असूनही माणसाने उचलला. तीन आठवडे, तो म्हणाला, आणि तुम्ही आधी हात लावला असेल तर आम्ही खात्री देत नाही. तीन आठवड्यांनी ती फिल्म घेऊन काय करायचं होतं? आणि हात लावून सगळंच गेलं तर? इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हटलं, “ती यायच्या आत करून टाका. चाललं तर तिला कळायलाच नको.”

भावजींनी भिंग डोळ्यावरून काढलं. “नाही वहिनी. तिचं आहे. तिला विचारल्याशिवाय हात नाही लावणार.”

चारला दहा मिनिटं असताना बेल वाजली. मी दार उघडायला उठले, पण भावजी माझ्या आधी गेले. दारातच, तिने बूट काढायच्या आत, त्यांनी सांगून टाकलं. काही लपवलं नाही, केबल, पट्टे, कपाटातली डिस्क, सगळं.

“मस्करी करतोयस ना काका?” ती हसत म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. “दोन्ही?”

ती रडली नाही. खोलीत येऊन टेबलाजवळ उभी राहिली. भावजींनी लॅबचं सांगितलं, तुकड्याचं सांगितलं. तिने त्या दोन डिस्का एकेक करून उचलून पाहिल्या. मग म्हणाली, “आधी कॉपीवाली कर.”

त्यांनी पहिला तुकडा स्वतः काढला. डाग द्यायची सोल्डरची गरम सळई टेकवली, चिमट्याने उचलला, सफाईने. योग्य केबलने डिस्क जोडली. बटण दाबलं. डिस्क फिरली, आणि मग आतून टिक्, टिक्, टिक् असा आवाज येऊ लागला. भावजींनी ताबडतोब वीज काढली. “हिचं आतलं पण गेलं,” ते म्हणाले. आता एकच उरली होती.

त्यांनी मूळ डिस्क पुढे ओढली, चिमटा उचलला, आणि मी पाहिलं, चिमट्याचं टोक थरथरत होतं. अठरा वर्षं केसभर चूक न होऊ देणारा तो हात. त्यांनी मनगट टेबलाला टेकवलं, तरी थांबेना. दुसऱ्या हाताने धरलं, तर दोन्ही हात कापायला लागले. शेजारीच दुसरे तुकडे होते, इतके जवळ की सळई जरा सरकली की तेही गेले असते.

“मला नाही जमणार,” ते म्हणाले. आवाज फाटलेला.

माझ्या मुलीने त्यांच्या हातातून चिमटा घेतला. “तू सांग, मी करते.”

तिने आयुष्यात कधी सळई धरली नव्हती. पण ब्रश धरला होता. भावजी शेजारी वाकून सांगत होते, टेकव, थांब, आता मऊ झालं, उचल. मी देवाचं नाव घेत होते की श्वास धरून होते, आठवत नाही. काळा तुकडा निघाला. मग तिने केबल लावली. त्या केबलची दोन्ही टोकं भावजींनी तीनदा वाचून दाखवली. आणि ती बटणाकडे हात नेते न नेते तोच भावजी उठले आणि खोलीबाहेर गेले. पुढचं दार उघडल्याचा आवाज आला.

तिने बटण दाबलं. डिस्क फिरली. आम्ही दोघी टिक् टिक् ऐकायला कान लावून बसलो होतो. ती फिरतच राहिली, एकसारखी, मांजर गुरगुरावं तशी. मग पडद्यावर तिचा फोल्डर आला. तेव्हा कुठे ती रडली, टेबलावर डोकं ठेवून, हमसून हमसून.

मी जिन्यात धावले. भावजी वरून चौथ्या पायरीवर भिंतीला टेकून बसले होते, डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही कानांत बोटं. मी हाक मारली, ऐकू गेलं नाही. शेवटी मी शेजारी बसले आणि त्यांची बोटं कानांतून ओढून काढली. बर्फासारखी गार होती.

“चालू झालं,” मी म्हटलं.

“खरं सांगा वहिनी.”

“तुमच्या पुतणीची शपथ.”

फिल्म मंगळवारी वेळेवर गेली. चारचौघांत कौतुकही झालं. गोष्ट इथे संपायला हवी होती, पण भावजींनी कॉम्प्युटरला हात लावणं सोडलं. पत्र्याची फळी लावून टाकली. मुलीला काही अडलं की ते दारात उभे राहून तोंडाने सांगत, हात पाठीमागे बांधलेले. ट्रक नाही, शिव्या नाहीत, पंखे नाहीत. दुकानात त्यांनी त्या महिन्यात दोन काचा फोडल्या, असं त्यांचा मालक मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला. डिस्क वाचली होती, माणूस गेला होता. आणि त्याला घालवण्यात माझ्या जिभेचाही हात होता, हे मला रोज सकाळी चहा ओतताना आठवायचं.

पाचव्या रविवारी मी माझा लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. मी शाळेत शिकवते. बारा वर्षांचे पेपर, टिपणं त्यात आहेत. मुलीच्या जन्मापासूनचे फोटो आहेत. नवऱ्याने बोटीवरून पाठवलेले सगळे व्हिडिओ आहेत. यातल्या कशाचीच कॉपी कुठे नव्हती, आणि भावजींना ते माहीत होतं.

“पंखा आवाज करतोय याचा,” मी म्हटलं.

त्यांनी कान लावून ऐकलं. “नाही करत, वहिनी.”

“करतोय. उघडून बघा.”

“आधी कॉपी करून घ्या. मग बघतो.”

“नको. आत्ता उघडा.”

मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. मी लॅपटॉप पालथा करून त्यांच्याकडे सरकवला. मग त्यांनी पाठीमागचे हात पुढे घेतले, ते शर्टाला पुसले आणि म्हणाले, “जरा उजेडाच्या बाजूला सरका.”