वर्गभर देवणी

मी देवणी सोडली त्या सकाळी एस.टी. स्टँडवर निघालेली माणसं पुष्कळ होती. त्यांच्या डोक्यावर गाठोडी होती आणि माझ्या हातात पत्र्याची पेटी. साल बहात्तरच्या दुष्काळाचं. ती माणसं काम शोधायला चालली होती आणि मी नांदेडला जिल्हा परिषदेच्या मुलींच्या प्रशालेत इंग्रजी शिकवायला. अप्पांचं किराणा दुकान होतं, पण गिऱ्हाईक सगळं खडी फोडायला गेलेलं. दुपारनंतर दुकान उघडं ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि बी.एड. झालेली मुलगी घरात बसवण्यात त्याहून नव्हता, असं अप्पांचं गणित. लिंगायत वाण्याची पोर एकटी परगावी चालली म्हणून आळीत कुजबुज झाली, तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, “शिकवायला चालली, पळून न्हाई.”

देवणीपासून कर्नाटक जवळ, म्हणून आमच्या घरात आई म्हणजे अव्वा. स्टँडवर जो तो आपल्या माणसाला जे सांगत होता तेच अव्वानं मला सांगितलं. “पाऊस पडला की ये.”

पुढच्या वर्षी पाऊस पडला. गाठोडी घेऊन गेलेल्यांपैकी बरेच परतले. मी तोवर नोकरीत कायम झाले होते. माझ्या नोकरीचा पावसाशी संबंध नाही, हे अव्वाला पटवून देणं मला जमलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते मनातून पटलेलं नव्हतं.

माझ्यासारखे जे गाव सोडून गेले आणि जे मागं राहिले, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. नांदेडनं मला वाईट वागवलं नाही. नोकरी दिली, इथंच लग्न झालं, दोन मुलं झाली. मालकांची नोकरी पाटबंधारे खात्यात, कचेरी विष्णुपुरीच्या बाजूला. घर भाड्याचं, मग स्वतःचं. कागदावर मांडलं तर जमेची बाजू मोठी दिसते. पण गोदावरी एवढी भरून वाहत असताना मला आमची आटलेली विहीर का आठवायची, याचं उत्तर त्या मांडणीत बसत नाही.

शिकवणं मात्र मनापासून आवडलं. इंग्रजी कवितांमध्ये वसंत ऋतू यायचा, कोवळं ऊन आणि हिरवळ यायची. तो ऋतू म्हणजे आपला चैत्र, असं मी सांगितलं की मुली चक्रावायच्या. एकदा एक मुलगी उभी राहून म्हणाली, “बाई, चैत्रात तर आमच्याकडं पाण्यावरून भांडणं होतात. कवीला काय एवढा आनंद झाला?” मला हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता. मग त्यांच्या थंडीचं आणि आपल्या उन्हाचं गणित मांडण्यात तास संपायचा. कविता उरली तर उद्या.

खरी अडचण निबंधाची. मुली बाजारातल्या गाइडमधले निबंध पाठ करायच्या. ‘माय व्हिलेज’ हा तर ठरलेला. नदीकाठी गाव, हिरवी शेतं, सुखी माणसं. दुष्काळाच्या दुसऱ्याच वर्षी साठ मुलींच्या गावांत साठ नद्या वाहत होत्या. मी गाइड बंद केलं आणि नमुना म्हणून माझ्याच गावावर फळ्यावर निबंध लिहिला. बाजाराच्या दिवशीचे पांढरे-काळे ठिपकेवाले देवणी बैल, दुकानाच्या पायरीवर बसून पंचाईत करणारे शेतकरी, दिवेलागणीला दारात उभी राहणारी आई. वाक्यं सोपी, सगळी मिळून पंधरा. आता असंच आपापल्या गावावर लिहून आणा, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या तेव्हा एकेचाळीस मुली देवणीच्या निघाल्या. एकेचाळीस जणींच्या वडिलांचं किराणा दुकान. त्यांतल्या निम्म्यांना देवणी कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नव्हतं. मी रागावले, समजावलं, परत लिहायला लावलं. पण मोठ्या बहिणींच्या वह्या धाकट्यांकडं जात राहिल्या, आणि मी न शिकवता देवणी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जात राहिली. शेजारच्या वर्गाच्या देशमुख बाई मराठी शिकवायच्या. त्या मला चिडवायच्या, “तुमच्या गावाची लोकसंख्या वाढून राहिली की हो. ग्रामपंचायतीची नगरपालिका करून टाका.”

वंदना पुढं आठ-नऊ वर्षांनी आलेल्या अशाच मुलींपैकी. तिचं कुटुंब मुखेडकडच्या एका वाडीचं. दुष्काळात निघालेलं, मग वडील विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर लागले आणि सगळे नांदेडलाच राहिले. इंग्रजी चांगलं, अक्षर त्याहून चांगलं, आणि गाव देवणी. मी तिला जवळ बोलावून विचारलं, तुझं स्वतःचं गाव असताना माझं का लिहितेस? ती खाली न बघता म्हणाली, “आमच्या गावात काय हाय बाई लिहिण्यासारखं? घरं हायत, माणसं न्हाईत. तुमचं गाव भरलेलं हाय.”

तिच्या वहीत मी दहापैकी सात दिले. खरं तर शून्य द्यायला हवं होतं, किंवा दहा.

त्याच सुमारास उस्मानाबादमधून लातूर वेगळा जिल्हा झाला. अप्पांचा निरोप आला की नवा जिल्हा, नवी जिल्हा परिषद, जागा भरतायत, अर्ज कर. मी केला. उदगीरच्या मुलींच्या शाळेत जागा होती, आणि उदगीरहून देवणी म्हणजे रविवारी सकाळी जाऊन संध्याकाळी परत. किंमत एकच होती. जिल्हा बदलला की ज्येष्ठता पहिल्यापासून. माझी दहा वर्षांची सेवा पुसली जाणार होती आणि काल लागलेल्या मुली माझ्या वर बसणार होत्या. पुढं मुख्याध्यापिका व्हायची आशा तिथंच संपत होती. मी रात्रंदिवस हिशेब केला आणि दर वेळी उत्तर एकच आलं, की देवणीसाठी एवढं देणं परवडतं. मालक म्हणाले, तू हो पुढं, मी बदली मागतो.

आदेश आला. शाळेत निरोप समारंभ झाला. नारळ, ब्लाउजपीस, मुख्याध्यापिकांचं भाषण. वंदना मुलींच्या वतीनं इंग्रजीत बोलली आणि मध्येच रडायला लागली, म्हणून शेवटची दोन वाक्यं मराठीत झाली. सोमवारी कार्यमुक्त व्हायचं होतं. त्याआधी शनिवारीच मी आदेश दाखवायला देवणीला गेले.

दुकान बंद होतं. मी अव्वाला विचारलं, तर ती चहा गाळता गाळता म्हणाली, “अमुशा हाय न आज.” अमावस्येला अप्पा दुकान उघडत नसत.

माझा धाकटा भाऊ बसू आतून बाहेर आला. तो लातूरहून आलेला. “कसली अमुशा?” तो म्हणाला. “चार म्हैने झाले दुकान बंद करून.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लातूरला कचेऱ्या आल्या तसा व्यापार तिकडं सरकला, आणि बसूनं लातूरमध्येच दुकान टाकलं. अप्पांचा दमा वाढला होता. लातूरचे डॉक्टर म्हणत होते, इथं जवळ आणून ठेवा. बसूनं दोन खोल्या घेतल्या होत्या. फक्त हे दोघं जागचे हलत नव्हते.

“का हलत न्हाईत ते विचार की,” बसू मला म्हणाला. “अक्काची ऑर्डर येऊ दे, म्हणतात. ती उदगीरला येईल, रविवारी घरी येईल, दाराला कुलूप दिसलं तर तिला कसं वाटंल. चार म्हैने हेच ऐकून राहिलो मी.”

अव्वा माझ्याकडं बघत नव्हती. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. एक वाक्य बोलून थांबायचे, श्वास घ्यायचे, मग दुसरं. मी म्हटलं, उदगीरला माझ्या घरी चला, तिथंही डॉक्टर आहेत. हे बोलताना उत्तर मला ठाऊक होतं. जावई कितीही चांगला असला तरी लेकीच्या घरी पाहुणा म्हणून जायचं, राहायला नाही, ही आमच्यातली रीत. अप्पा म्हणाले, “आता ह्या वयात लेकीच्या घरी ऱ्हायाचं का बाई?” आवाजात राग नव्हता. मीच त्यांची समजूत काढावी, असा तो आवाज होता.

मी त्यांच्यासाठी येत होते आणि ते माझ्यासाठी थांबले होते. मी आदेश स्वीकारला तर ते देवणीतच राहणार, आणि अप्पांचा श्वास पुढच्या थंडीत काय करणार हे मला समोर दिसत होतं. आदेश परत केला तर ते लातूरला जाणार आणि घराला कुलूप लागणार. तिसरा मार्ग मी खूप शोधला. उदगीर सोडून लातूर शहरात जागा मागावी, असंही मनात आलं, पण तिथं जागा नाही हे अर्ज करतानाच कळलं होतं. आणि एक गोष्ट स्वतःशी मान्य करावी लागली. दहा वर्षं मी देवणीच्या दारासाठी द्यायला निघाले होते. ते दार बंद होणार असेल तर ती देण्यात काही उरत नव्हतं.

सकाळी मी सांगितलं, मी येत नाही, तुम्ही लातूरला जा. अव्वा उठून आत गेली. अप्पा म्हणाले, “वाचली म्हण तुझी दहा वर्सं.” आयुष्यभर दुसऱ्यांचा फायदा-तोटा त्यांनी याच आवाजात सांगितला होता.

सोमवारी मी शाळेत हजर झाले. मुख्याध्यापिकांनी आदेश परत करण्याचा अर्ज ठेवून घेतला आणि काही विचारलं नाही. देशमुख बाईंनी मात्र सोडलं नाही. “नारळ खाल्ला असेल तर भरून द्या,” म्हणाल्या, आणि मग डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं ठेवली.

दहावीच्या वर्गात मुली विचारत राहिल्या तेव्हा सांगून टाकलं, की आईवडील लातूरला चालले आहेत, देवणीचं घर आता बंद राहील. मागच्या बाकावरून वंदना म्हणाली, “म्हणजे बाई, तुमचं गाव बी आता आमच्यासारखंच झालं.”

तिनं ते टोचायला म्हटलं नव्हतं. जागा सरकवून बसायला द्यावं तसं म्हटलं होतं. चाचणीत तिनं पहिल्यांदा स्वतःच्या वाडीवर लिहिलं. नातेवाइकांच्या लग्नाला गावी गेलो की आई आधी चूल पेटवते, घर नंतर झाडते, कारण धूर दिसला की उरलेली चार म्हातारी माणसं भेटायला येतात. इंग्रजी बरंच चुकलं होतं. मी चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि दहापैकी नऊ दिले. नऊच्या वर निबंधाला मी कधीच दिले नाहीत.

त्या दिवाळीत मी लातूरला गेले. दोन खोल्या, खाली रहदारीचा रस्ता, नळाला एक दिवसाआड पाणी. अप्पांचा श्वास मात्र मोकळा होता. अव्वाला तिथं काय कुठं ठेवलंय ते अजून नीट सापडत नव्हतं. साखरेचा डबा शोधायला मीही उठले. आम्ही दोघी त्या घरात सारख्याच परक्या होतो, आणि गंमत अशी की नांदेडच्या दहा वर्षांत अव्वाशी इतकं बोलणं कधी झालं नव्हतं. दोघी मिळून देवणीत फिरून आलो. अंगणातलं झाड कोणत्या सालात वाळलं, यावर भांडलोसुद्धा.

संध्याकाळी मी पिशवी उचलली. अव्वा नेहमीप्रमाणं ‘ऱ्हा की आजचा दिस’ म्हणेल असं मी धरून चालले होते. ती जिना उतरून रस्त्यापर्यंत आली. रस्त्यावरच्या गाड्यांना ती बिचकत होती, म्हणून माझा दंड धरून उभी राहिली.

“सुट्टी संपली न तुझी,” ती म्हणाली. “जा आता. शाळंतल्या पोरी वाट बघत असतील.”

कधी येतेस, हे तिनं विचारलं नाही. नांदेडला माझी वाट बघणारं कुणी आहे, हे अव्वानं तोवर कधी धरलंच नव्हतं. गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. उद्याचा पहिला तास दहावीचा, हे मनाशी म्हणत मी बसले होते, आणि गाडी लातूरबाहेर पडून बराच वेळ झाला तरी दंडावर तिची बोटं तशीच जाणवत होती.