हापशावरची पाटी

आमच्या गावाखाली, जुन्या रेल्वे फाटकाला लागून, सोलांज राहते. तिचे वडील त्या फाटकाचे गेटमन होते. सोलांज जन्मली तीच गाड्यांच्या धडधडाटात. पुढं गाडी बंद झाली, रूळ उखडून नेले, वडील गेले, मग नवराही गेला. राहिलं ते दोन खोल्यांचं घर, अंगणातला लोखंडी हापसा आणि सोलांज. घर गावापासून लांब, म्हणून नळ काही तिथवर आला नाही. प्यायला हापशाचंच पाणी, आणि पाणी कसं, तर उन्हाळ्यातसुद्धा दात शिवशिवतील असं.

मग रुळांच्या जागी सायकलींचा रस्ता झाला. मोटार नाही, ट्रॅक्टर नाही, नुसत्या सायकली. आणि सगळा सपाट, कारण आगगाडीला चढ कुठं झेपत होता! उन्हाळा लागला की सायकलीच्या दोन्ही अंगांना बोचकी लटकवून माणसं निघतात. नवराबायको, म्हातारे, मागं जोडलेल्या छोट्या गाडीत बसवलेली लेकरं. दिवसभर घंट्या किणकिणतात.

पहिली दोन-तीन वर्षं सोलांजला कौतुक वाटलं. बाटल्या भरून द्यायची, कुठून आलात, कुठं निघालात विचारायची. पण रोज शंभर माणसं म्हटल्यावर कुणाचाही जीव कावेल. कुणी पाय धुतले, कुणी सायकलीची काळीकुट्ट साखळी तिच्या लेट्यूसच्या वाफ्यावर धुतली, कुणी आलुबुखारे तोडले. एकानं तर तिच्या नवऱ्याच्या बाकावर तंगड्या पसरून विचारलं, "मादाम, बर्फ आहे का हो?"

त्याच दुपारी सोलांजनं माळ्यावरून वडिलांचे अक्षरछाप काढले, पत्र्यात अक्षरं कापलेले. त्यांच्यावरून रंग फिरवूनच वडील रेल्वेच्या पाट्या लिहायचे. फाटकाचा उरलेला लाल रंग होता, तो घोटून घेतला आणि फळीवर लिहिलं: पाणी पिण्याजोगं नाही.

पाटी अशी देखणी झाली की सरकारनंच लावली म्हणावं. साधी हातानं खरडली असती तर कुणी मानलीही नसती. पण ती रेल्वेची अक्षरं! लोक थांबायचे, वाचायचे, मान हलवून पुढं जायचे. सोलांज खिडकीआडून बघायची, गालात हसायची. काय शांतता!

आता सायकलवाल्यांची एक युक्ती असते. पाणी मिळेना की ते कब्रस्तान शोधतात, कारण तिथं फुलांच्या कुंड्यांसाठी नळ असतोच. आमचं कब्रस्तान मात्र वर, टेकडीवर. फाटकापासून दोन किलोमीटर सरळ चढ.

ऑगस्टातली गोष्ट. ऊन असं की बकऱ्यांनी जिभा बाहेर काढलेल्या. आमची रोलांद, बकऱ्या पाळते, चीज करते, ती नवऱ्याच्या थडग्यावर पाणी घालायला गेली. तर कब्रस्तानाच्या दारात एक म्हातारा पडलेला, सायकल अंगावर, कोपर भलत्याच बाजूला वळलेलं. रोलांदनं त्याच्या डोक्यावर झारीच उपडी केली. मग रुग्णवाहिका आली, त्याला घेऊन गेली.

संध्याकाळी रोलांद सोलांजच्या दारात.

"अगं, बिचारा सत्तर वर्षांचा! लुसियें नाव. जन्मभर सपाट रस्त्यानं सायकल चालवली, म्हणतो. चढाची सवयच नाही. मी विचारलं, वर कशाला तडमडलास बाबा? तर म्हणाला, खाली हापसा होता, पण पाटी होती." रोलांद थांबली. "कसली पाटी गं? तुझ्या पाण्याला काय झालं?"

खरं बोलायला तेवढीच एक घटका होती. सोलांजनं ती दवडली. "बिघडलंय," ती म्हणाली. "हापशाखालच्या विहिरीतच काहीतरी बिघडलंय."

"अगंबाई! आणि तू एक अक्षर बोलली नाहीस? मग पितेस काय?"

"आहे... बाटल्या आहेत."

झालं. दुसऱ्या दिवशी रोलांद ढकलगाडीवर बाटल्यांच्या दोन पेट्या घालून हजर. तिसऱ्या दिवशी पाववाली आपली गाडी वर रस्त्यावर ठेवून आणखी दोन देऊन गेली. रविवारी चर्चनंतर कोणीतरी आणखी एक ठेवून गेलं, नावसुद्धा सांगितलं नाही. महिन्याभरात नऊ पेट्या झाल्या, स्वयंपाकघरात त्यांची भिंत उभी राहिली. सोलांज पहाटे, कुणी बघायच्या आत, चोरासारखी हापसा मारायची. तो मेला कुरकुरायचा. तिला वाटायचं, साऱ्या गावाला ऐकू जातंय. स्वतःच्या अंगणातलं पाणी, आणि खिडक्या लावून कॉफी प्यायची.

बाटल्यांचं पाणी तिच्या घशाखाली उतरेना. एकदा तिनं ते घेवड्याला घातलं, तर तेवढ्यात रोलांद आलीच. "बाटलीचं पाणी घेवड्याला! किती गं जपतेस, विहिरीचं विष भाजीत उतरू नये म्हणून." सोलांजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि वडील आठवायचे. त्या अक्षरांनी त्यांनी जन्मभर लिहिलं, गाडी येतेय, थांबा. लोक थांबायचे आणि गाडी खरोखरच यायची.

सप्टेंबरात लुसियें आला. चालत, हात गळ्यात बांधलेला. लेकीची मोटार वर रस्त्यावर ठेवावी लागली, इथं मोटारीला मज्जाव. चांगल्या हाताला पिशवी, तिच्यात काचेच्या सहा बाटल्या. ताजं चीज घेऊन आलेली रोलांद बाकावर बसली होतीच.

"मादाम," त्यानं टोपी काढली, "आमच्या गावच्या झऱ्याचं पाणी आहे. मी स्वतः भरलंय. तुमचे आभार मानायचे होते."

"माझे? कसले?"

"पाटीचे. कोण एवढं करतं हो आजकाल? तहानेच्या भरात मी ते नासकं पाणी ढसाढसा प्यायलो असतो. हात मोडला तो मोडला, पोट तरी वाचलं." आणि हसला. खोटं नाही, अगदी मनापासून.

सोलांजनं पिशवी घेतली नाही. हात पुढंच जाईनात.

"पाणी चांगलं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी नासलेलं नाही. कधीच नव्हतं. मला तुमची कटकट नको होती, म्हणून लावली पाटी. तुमचा हात माझ्यामुळं मोडला."

लुसियेंचं हसू तसंच तोंडावर राहिलं, मग हळूहळू विरलं. बोलली ती रोलांद. "नऊ पेट्या! नऊ पेट्या गं सोलांज! माझे गुडघे गेले त्या ढकलगाडीपायी! तुझ्यासाठी मी मेणबत्ती लावली चर्चात!"

"शिव्या घाल," सोलांज म्हणाली.

"घालणारच आहे, थांब जरा, दम लागलाय."

लुसियें हापशाकडं गेला, पण एका हातानं दांडा दाबून दुसऱ्या हातानं पेला धरणार कसा? सोलांज धावली. तिनं हापसा मारला, त्यानं पेला धरला. पुदिन्याचं सरबत घालू का, तिनं विचारलं. तो नको म्हणाला. सावकाश सगळं पाणी प्यायला.

"गार आहे," एवढंच म्हणाला. पेला कठड्यावर ठेवला, टोपी घातली आणि गेला. बाटल्या बाकावरच राहिल्या. माफ केलं असं म्हणाला असता तर सोलांजला रडता तरी आलं असतं.

पाटी तिनं त्याच दिवशी फोडून चुलीत घातली. दुसरी लिहिली, त्याच अक्षरांनी: पाणी चांगलं आहे, प्या. पण तोवर इथलं पाणी खराब असल्याची गोष्ट सायकलवाल्यांच्या फोनमधल्या नकाशात जाऊन बसलेली. अजूनही लोक थांबतात, फोन बघतात, पाटी बघतात, आपसांत कुजबुजतात. मग सोलांज बाहेर येते, त्यांच्यासमोर पेला भरते आणि आधी स्वतः पिते. तेव्हा कुठं ते बाटल्या पुढं करतात. सुट्टीच्या दिवशी वीस-वीस पेले होतात. पोट डमरूसारखं वाजतं.

"मरशील पाण्यानं!" रोलांद ओरडते.

"तू गप," सोलांज म्हणते आणि पुन्हा दांडा धरते. पांढऱ्या केसांचा कुणी दिसला की जरा जास्तच घाईनं उठते. लुसियें काही पुन्हा आलेला नाही.