पोर्ट आर्ड्रीची मोजदाद

माझे सासरे प्रल्हाद निमकर पुण्यात महापालिकेच्या कर आकारणी खात्यात चौतीस वर्षं होते. घरं मोजायची, त्यांच्यावर घरपट्टी बसवायची, कुणी गच्चीत चोरून खोली चढवली असेल तर ती हुडकून काढायची, हे त्यांचं काम. माझं लग्न ठरवायला ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा चहाचा कप हातात असतानाच त्यांनी विचारलं होतं, "ही बाल्कनी नंतर बंदिस्त केलीत, नाही का?" माझ्या वडिलांनी घाईघाईने लग्नाला होकार दिला, तो त्या धास्तीने, असं आई अजून म्हणते.

मार्च २०२०च्या सुरुवातीला बाबा (सासऱ्यांना मी बाबाच म्हणतो) तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि दोन वर्षं राहिले. विमानंच बंद झाली, त्याला ते तरी काय करणार?

त्यांची मुलगी इरावती, म्हणजे माझी बायको, डॉक्टर. तिला ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर पोर्ट आर्ड्री नावाच्या गावात, तिथल्या छोट्याशा हॉस्पिटलात नोकरी मिळाली, म्हणून ऑगस्टच्या अखेरीस आम्ही मेलबर्नचं टार्निट उपनगर सोडून बाबांसकट इथे भाड्याने राहायला आलो. गाव मूळचं स्कॉटिश कोळ्यांनी वसवलेलं. बोटींचा धक्का, क्रेफिशची, म्हणजे मोठ्या शेवंडांची, फॅक्टरी, एक पब, एक बेकरी आणि आठशेच्या आसपास माणसं. मी घरून आयटीचं काम करायचो. आठ वर्षांची रुचा घरून शाळा करायची. बाबांना मात्र घरून करण्यासारखं काहीच नव्हतं. इथे आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी आमच्या घराची मोजमापं घेतली. पाचव्या दिवशी ते फिरायला बाहेर पडले.

परत आले ते कपाळाला आठ्या घालून. "यतीन, या गावात घरं आहेत चारशे. माणसं कुठायत?"

"बाबा, लॉकडाऊन आहे. घरात असतील."

"नाहीयेत. मला घर बघितलं की कळतं."

पण नुसतं कळून भागणार नव्हतं, त्यांना पुरावा हवा होता. तो मंगळवारी मिळाला. मंगळवारी सकाळी कचऱ्याची गाडी येते, म्हणून प्रत्येक घर आपली चाकांची बिन रस्त्यावर आणून ठेवतं. ज्या घरात माणूस नाही, तिथून बिन येत नाही. बाबा वही घेऊन निघाले आणि सलग सहा मंगळवार गाव पालथं घातलं. चारशे नऊ घरांपैकी एकशे त्र्याहत्तर घरांनी एकदाही बिन काढली नव्हती. ही मेलबर्नच्या लोकांची सुट्टीची घरं. वर्षातून दोन आठवडे उघडायची, बाकी पडदे ओढलेले.

"आणि तुमच्या हॉस्पिटलातली ती केरळची नर्स कुठे राहते?" त्यांनी इरावतीला विचारलं.

"सिजी? मोटेलमध्ये. सात महिने झाले, भाड्याने घरच मिळत नाहीये तिला."

"फॅक्टरीतली पोरं कॅरॅव्हॅनमध्ये झोपतात. बेकरीवाला गेल्या महिन्यात घर मिळेना म्हणून निघून गेला. आणि इथे एकशे त्र्याहत्तर कुलपं!" बाबांनी वही आपटली. बेकरी बंद पडल्याचं दुःख मलाही होतं, पण माझं दुःख व्हॅनिला स्लाइसपुरतंच मर्यादित होतं.

सातव्या मंगळवारी आमच्या दारात पोलीस आला.

गावात पोलीस एकच. डीन नावाचा, उंचापुरा, फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, टीमचा कोचही तोच. मास्कमधून तो अवघडून म्हणाला की, एक वयस्कर गृहस्थ लोकांच्या कुंपणातून डोकावून काहीतरी लिहितात, अशी तक्रार आली आहे. रुचाने लगेच आपल्या आबांविरुद्ध साक्ष दिली, "आय टोल्ड हिम, आबा, दॅट्स ट्रेसपासिंग."

मी कुठे तोंड लपवू असं मला झालं. बाबा मात्र तीस वर्षांत एवढे खूश दिसले नसतील. त्यांनी डीनला व्हरांड्यात खुर्ची दिली, लांबूनच चहा ठेवला आणि वही त्याच्यापुढे सरकवली. "ऑल रेकॉर्ड इज ओपन टू इन्स्पेक्शन, सर."

डीन पानं उलटत गेला. एका पानावर थबकला. कान लाल झाले. त्याच्या स्वतःच्या घराची इंग्रजीत नोंद होती: बिन दोन, नियमित. मागील बाजूस पत्र्याची खोली, वाढीव बांधकाम, परवानगी घेतलेली दिसत नाही.

"ही... ही खोली म्हणजे तात्पुरती आहे," डीन म्हणाला.

"असंच सगळे म्हणतात," बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले.

डीनने चहा संपवला, "नो वरीज, मेट," म्हणाला आणि तक्रार तिथेच मिटली. एवढंच नाही, जाता जाता त्याने ही हकिकत मिसेस मॅकफींच्या कानावर घातली. मोराग मॅकफी या ऐंशीच्या बाई गावच्या प्रोग्रेस असोसिएशनच्या सेक्रेटरी होत्या. म्हणजे असोसिएशन त्याच होत्या. गाव मरतंय हे त्या वीस वर्षं सांगत आल्या होत्या, पण त्यांच्याकडे आकडा नव्हता. त्यांनी बाबांना झूमवरच्या मीटिंगला बोलावलं.

बाबांनी कोट घातला, टाय बांधला आणि माझ्या लॅपटॉपसमोर उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा, बसा." ते म्हणाले, "समितीपुढे बसून बोलत नाहीत." त्यामुळे पोर्ट आर्ड्रीच्या चौदा प्रतिष्ठित नागरिकांनी पंचवीस मिनिटं फक्त त्यांच्या कोटाची बटणं पाहिली. शेवटी मिसेस मॅकफी म्हणाल्या, "प्रल्हाद, तुमचं पोट अतिशय मुद्देसूद बोलतं." ठराव एकमताने झाला: घरमालकांना पत्रं पाठवायची, घरं भाड्याने द्या म्हणून विनंती करायची.

मसुदा बाबांनी केला, आणि तिथेच घोळ झाला. विनंती कशी करतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या हाताला चौतीस वर्षं एकच वळण होतं. पत्राची सुरुवात अशी: 'असे निदर्शनास आले आहे की, आपल्या मिळकतीतून दि. १ सप्टेंबरपासून अजिबात कचरा निर्माण झालेला नाही. तरी याबाबत खुलासा करावा.' मी हादरून म्हटलं, "बाबा, ही नोटीस झाली!" मिसेस मॅकफींना मात्र ते फार आवडलं. त्यांनी एकशे त्र्याहत्तर पत्रांवर सही केली आणि आपल्या ख्रिसमस कार्डांच्या यादीतले पत्ते घातले.

मेलबर्नमध्ये घरात कोंडून बसलेल्या मालकांना ते पत्र मिळालं. रिकाम्या घरावर नवा कर बसणार, अशी त्यांची खात्रीच झाली. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, फोन तीन दिवस खणखणत राहिला. कौन्सिलच्या बाईंनी मिसेस मॅकफींना खडसावलं. मिसेस मॅकफी म्हणाल्या, "पत्रात कर हा शब्द कुठे आहे, दाखव." तो नव्हताच. पण तोवर घाबरलेल्या अकरा मालकांनी घरं भाड्याने काढली होती.

सिजीला टेकडीवरचं दोन खोल्यांचं घर मिळालं. पहिल्या रविवारी ती आमच्यासाठी अप्पम घेऊन आली आणि बाबांना वाकून नमस्कार करताना रडली. बाबा गडबडून म्हणाले, "अगं, पाण्याचा नळ नीट चालतो का बघितलंस?" फॅक्टरीतल्या सहा जणांना मोठं घर मिळालं. त्या वर्षी चीनने क्रेफिश घेणं बंद केलं होतं आणि माल पडून होता, म्हणून त्या पोरांनी कृतज्ञतेने बादलीभर जिवंत क्रेफिश आणून बाबांच्या पायाशी ठेवले. बाबा पक्के शाकाहारी. ते खुर्चीवर चढून उभे राहिले आणि इरावतीने त्या रात्री बटर-लसूण घालून तीन संपवले. जानेवारीत, राहायला घर मिळाल्यामुळे, बेकरीही उघडली.

मग एप्रिल २०२१ उजाडला, आणि आम्हाला आमच्या घरमालकाचा ईमेल आला. त्याने लिहिलं होतं की, पोर्ट आर्ड्रीत पुन्हा जान आलीय असं ऐकतो, मलाही आता मेलबर्न नको झालंय, तरी कायद्याप्रमाणे मुदत घ्या आणि माझं घर मला रिकामं करून द्या.

मी तो ईमेल बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. एकेक शब्द सुटा करून.

"काय करतो हा माणूस?" बाबांनी विचारलं.

"इलेक्ट्रिशियन आहे."

"मग चांगलंच झालं की. गावात इलेक्ट्रिशियन नव्हता."

"बाबा, आपण बेघर झालोय!"

बाबा दोन दिवस फिरायलाही गेले नाहीत, जेवणावरूनही लवकर उठले. मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी ते कोट घालून मिसेस मॅकफींकडे गेले. तासाभराने परत आले आणि म्हणाले, "त्यांच्याकडे पाच खोल्या आहेत आणि बाई एकटी. मला हे पहिल्या मंगळवारपासून माहीत होतं. पण ज्यांनी सह्या केल्या, त्यांनाच कसं विचारायचं? आज विचारलं."

जूनमध्ये आम्ही तिथे राहायला गेलो. मिसेस मॅकफी पॉरिजमध्ये मीठ घालायच्या, बाबा त्यात मोहरीची फोडणी घालायला लागले, आणि दोघांचं रोज सकाळी त्यावरून वाजायचं. पण दोघंही बाऊल चाटूनपुसून रिकामे करायचे.

फेब्रुवारी २०२२मध्ये बाबा पुण्याला परतले. एअरपोर्टच्या वाटेवर गाडीत म्हणाले, "रिटायर झाल्यावर अकरा वर्षांत मला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता रे, यतीन. जेवलात का, सोडून." मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलो.

त्याच आठवड्यात शाळेत पटसंख्या वाढल्यामुळे दुसऱ्या शिक्षिका आल्या. मी रुचाला म्हटलं, हे आबांमुळे झालं. तिने गंभीरपणे मान डोलावली. "आय नो. आणि झोपाळ्याला आता लाईन लागते. दॅट्स हिज फॉल्ट टू."