तांडेलकाकांची बंदी

थळच्या किनाऱ्यावर तांडेलकाकांएवढा खोडकर म्हातारा शोधून सापडायचा नाही. वय साठीच्या पुढे, दोरखंड ओढून अंगठे राठ झालेले, आणि त्याच अंगठ्यांनी ते आमच्याबरोबर गोळीबाराचा व्हिडिओ गेम खेळत. होडीवर तांडेल, म्हणजे कप्तान. तेव्हा खेळातही हुकूम त्यांचाच. पावसाळी मासेमारीबंदीत होडी शाकारून झाली, की दुपारचं जेवून स्वारी आमच्या माळ्यावर हजर.

मी, पक्या, सलीम आणि काका. चौघांनी मिळून एकाच टीव्हीवर रोबोंच्या टोळ्या परतवायच्या. काका नसले की आम्ही तिघे, पण बारा महिने, सहा वर्षं तोच खेळ! कोणता रोबो कुठल्या भिंतीआडून येणार, हे आम्ही झोपेतही सांगितलं असतं. पण काका रोज नवं खूळ काढत. "आज मोठ्या बंदुका बंद, नुसती पिस्तुलं." "आज कोनी बोलायचं न्हाय, शिट्टी मारायची." वर म्हणत, "जाळं तेच असू दे रं, पानी नवं पायजे."

शेवटी सुटकेचं हेलिकॉप्टर येई. पक्या नेहमी मागे राही आणि काका नेहमी त्याच्यासाठी उलटे धावत. "मानूस सोडून होडी फिरवायची न्हाय!" मग आम्ही चौघेही मरत असू. जिंकलेला डाव असा कितीदा घालवला, देव जाणे.

एका बंदीत मात्र पक्याच म्हणाला, "बास झालं. मला कंटाळा आला. उद्यापासून मी येणार नाही." पक्याच्या कंपनीत पाळ्या, सलीमची रिक्षा. हा खेळ सुटला तर आम्ही रस्त्यात नुसते हात हलवणारे ओळखीचे होणार होतो.

काका शांतपणे उठले. "दर्याला दोन महिने बंदी कशाला? मासली वाढावी म्हनून. तुमी बारा महिने जाळं टाकताव, मंग गावनार काय, कप्पाळ?" चारही रिमोट त्यांनी आमच्या माळ्यावरच्या सुक्या बोंबलांच्या गोणीत खुपसले. "पंधरा दिवस बंदी. मोडंल त्यानं सगल्यांना कोलंबी खिलवायची."

नवव्या दिवशी नाक्यावर काकांनी माझ्यासमोरच पक्याला अडवलं. "हात दाव." हुंगला. "ह्यो बोंबील ह्यांच्या माळ्यावरचा. तुमच्याकडं यंदा सुका बोंबील आलाच न्हाय."

"काका, आईशप्पथ, एकच डाव खेळलो."

"एकच?"

"...चार."

मी बाहेर असताना, मोबाईल विसरल्याची थाप माझ्या आईला मारून हा पठ्ठ्या माळ्यावर चढला होता! कंटाळलेला म्हणे! मला तर त्याला तिथेच मिठी मारावीशी वाटली. कोळंबी झकास झाली होती. पंधराव्या दिवशी काकांनी टीव्हीपुढे नारळ फोडला, आणि पहिल्याच डावात पक्या मागे राहिला.

पुढे गुडघे गेले, तशी काकांनी होडी मुलाच्या हाती दिली आणि ते माणगावला लेकीकडे राहायला गेले. तिथे दर्या नाही, आणि जावयाला सुक्या मासळीचा वास सोसत नाही. मला त्यांची फार आठवण येते. आम्ही तिघे अजून जमतो, मधूनमधून बंदी पाळतो, रिमोट बोंबलांच्या गोणीतच ठेवतो. काकांचा चौथा रिमोटही चालू ठेवतो; हेलिकॉप्टर आलं तरी त्यांचा रोबोंत नुसता उभा असलेला माणूस टाकून कोणी चढत नाही, मरतो झालं.

डाव संपला की काकांना व्हिडिओ कॉल. ते नमस्कार वगैरे करत नाहीत. "हात दावा," म्हणतात. आम्ही तिघे हात मोबाईलजवळ धरतो, तिकडे काका स्क्रीनला नाक लावून डोळे मिटतात.

"येतो रं," म्हणतात, "वास येतो."