बोरुडे सरांची तोंडी परीक्षा

देवघरातील निर्माल्याची टोपली मी रोज सकाळी तुळशीच्या बुंध्याशी रिकामी करतो, आणि दुसऱ्या सकाळी ती पुन्हा भरलेली असते. आमच्या गणित विभागाच्या किश्शांचेही तसेच झाले आहे. फुले कालची असतात, पण देवाच्या पायांवरून उतरलेली म्हणून कचऱ्यात टाकवत नाहीत. आज जे किस्से सांगतो ते बहुतेक एकाच माणसाचे आहेत.

नगरबाहेरच्या माळावरील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संगणक शाखेच्या मुलांना सीमा, सांतत्य आणि विकलन शिकवतो. माझ्या शेजारच्या टेबलावर बोरुडे सर बसतात. त्यांचा विषय न्युमरिकल मेथड्स. जे समीकरण सरळ सुटत नाही, त्याचे उत्तर एकेक पायरी चढत जवळ आणायचे, अशा रीती ते शिकवतात. माझे गणित कळसासारखे आणि त्यांचे देवळाच्या पायऱ्यांसारखे, असे त्यांचेच म्हणणे.

"कळसाला हात जोडून लोक घरी जातात, नाना," ते मला म्हणत. "झिजायचं पायऱ्यांनी."

*

सलग फलन, म्हणजे ज्याचा आलेख मधे कुठे तुटत नाही असे फलन, काय असते हे मला चार व्याख्याने देऊनही मुलांच्या गळी उतरवता येत नसे. बोरुडे सरांनी ते एका दाखल्यात उतरवले. "नगरहून निघालेली एसटी जामखेडला पोचली, तर मधलं प्रत्येक गाव तिला ओलांडावंच लागतं. उडून जाता येत नाही. तसंच फलन ऋणातून धनात गेलं, तर वाटेत कुठेतरी शून्य लागणारच."

पहिल्या बाकावरून सविता खाडे उठली. ती जामखेडची. "सर, आमची एसटी मधेच बंद पडती. मंग आमी दुसऱ्या गाडीनं जातो."

"मग ती गाडी सलग नाही," सर गंभीरपणे म्हणाले. "अशा गाडीला आपलं प्रमेय लागू नाही. डेपोत तक्रार कर."

*

एकदा लॅबमधील सगळे संगणक एकाच वेळी अडकून बसले. सरांनी सोपा प्रोग्राम दिला होता: शून्यापासून एक दशांश मिळवत जा आणि बेरीज एक झाली की थांब. बेरीज एक होतच नव्हती. संगणकाच्या पोटात एक दशांश पुरता मावत नाही, प्रत्येक वेळी कणभर चूक राहते आणि बेरीज एकाला चाटून पुढे निघून जाते.

राळेगणकडचा एक मुलगा पडद्याकडे पाहत म्हणाला, "सर, डेरीत दुधाचं फॅट बी असल्याच मशीनवर काढत्यात का?"

"व्हय. पण घरी सांगू नकोस. वडील उद्या मशीन उचलून ओढ्यात टाकतील."

मुले हसली. मग सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली रेघ ओढली: बरोबरीची वाट पाहू नका. किती जवळ आले म्हणजे पुरे, ते आधी ठरवा.

त्या संध्याकाळी नामस्मरणाला बसलो तेव्हा ती ओळ माझ्या जपात शिरली. जन्मभर पूजाअर्चा करून मला जे नीट मांडता आले नव्हते, ते या गृहस्थाने एका न थांबणाऱ्या प्रोग्रामसाठी लिहून टाकले होते.

*

त्याच सेमिस्टरमध्ये त्यांचा आवाज बसू लागला. आमच्या भजनी मंडळात गळे बसतात तेव्हा जो उपाय चालतो, तोच मी केला: ज्येष्ठमध आणि खडीसाखरेची पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"नाना, हे रात्रभर जागणाऱ्या तुमच्या कीर्तनकारांना. आम्ही दिवसाढवळ्या भागाकार करणारी माणसं, आमचा गळा कशानं बसणार?"

पुडी संपली, गळा सुटला नाही. पुण्याला तपासणी झाली. परत आल्यावर त्यांनी आम्हा सर्वांना स्टाफरूममध्ये बोलावले आणि त्या घोगऱ्या आवाजात सांगितले, "स्वरयंत्र काढावं लागणार आहे. जीव राहील म्हणतात. अनंत मालिका हिशेबात बसवायची, तर पुढची पदं गाळावीच लागतात. माझं एक पद गाळतायत, एवढंच."

मग तेच म्हणाले, "अरे, चहा तरी मागवा. अजून मागता येतोय तोवर मीच मागवतो." आणि दारातून कॅन्टीनच्या पोऱ्याला त्यांनी हाक मारली. मी ऐकलेली त्यांची ती शेवटची मोठी हाक.

*

शस्त्रक्रियेनंतर ते परतले तेव्हा गळ्यावरच्या छिद्रावर पांढरा रुमाल बांधलेला होता आणि हातात लहान मुलांची पाटी होती. प्राचार्यांनी त्यांना बोलावले, सोबत मलाही. प्राचार्य मनाने वाईट नव्हते. संस्थेला उत्तर द्यायचे ओझे त्यांच्या डोक्यावर होते.

"बोरुडे, परीक्षा विभागात बसा. पंख्याखाली काम, तुम्हालाही आराम. वर्गावर आता कसं व्हायचं?"

सरांनी पाटीवर लिहिले: माझा वर्ग फळ्यावर असतो.

प्राचार्यांनी पाटी वाचली. "ठीक आहे. हे सेमिस्टर पुरं करा. पण शेवटी तोंडी परीक्षा आहे. बाहेरून परीक्षक येणार. अंतर्गत परीक्षक प्रश्नच विचारू शकत नाही, असा शेरा त्यांनी मारला, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. नाना, तुम्ही त्या दिवशी यांच्याजवळ बसा. लागलं तर यांच्या वतीनं बोला."

बाहेर आल्यावर सरांनी पाटी पुसली. मला वाटले, काही लिहितील. त्यांनी ती नुसतीच काखेत मारली.

*

परतल्यानंतरचा त्यांचा पहिला तास मी व्हरांड्यातून पाहिला. सर पाठमोरे, फळा भरत होते. वर्ग इतका शांत की खडूचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. एवढ्यात सविता धापा टाकत आली. घरी आजी वारली म्हणून ती कित्येक दिवस गावीच होती. दारात उभी राहून तिने विचारले, "सर, आत येऊ का?"

सर फळ्यात इतके गढले होते की त्यांना ते ऐकू गेले नाही; ते लिहीत राहिले. ती थांबली. तास संपला तेव्हा सर वळले आणि त्यांना दारातली मुलगी दिसली.

"सर काही बोलले न्हाईत," ती मला म्हणाली, "मला वाटलं, रागावलेत. म्हणून थांबले."

मी तिला शस्त्रक्रियेचे सांगितले. ती ऐकत असतानाच सर जवळ आले आणि त्यांनी पाटी तिच्यापुढे धरली. तिच्यावर लिहिले होते: यापुढे न विचारता आत यायचे.

तिने पाटी वाचली आणि तोंडाला ओढणी लावून जिन्याकडे निघून गेली.

*

गुरुवारी आमच्या गल्लीतील दत्ताच्या देवळात आरती असते. बोरुडे सर पूर्वी तिथे खड्या आवाजात आरती म्हणत आणि तिसऱ्या कडव्यापासून स्वतःचेच शब्द घालत. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना कोपराने ढोसत. त्यांच्यावर परिणाम होत नसे.

शस्त्रक्रिया होऊन परतल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी ते आले, टाळ घेतले, आणि आरती सुरू झाल्यावर त्यांचे ओठ हलू लागले. वहिनी शेजारीच होत्या. आरती संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "नाना, आता हे कुठले शब्द म्हणतात, ते एका देवालाच ठाऊक. आम्हाला कधी कळायचं नाही."

सर हसले. हसण्यालाही आवाज असतो, हे मला तोवर कधी जाणवले नव्हते. वहिनींनी तबक माझ्या हाती दिले आणि त्या सभामंडपाच्या खांबाआड जाऊन उभ्या राहिल्या.

*

तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरचे परीक्षक वयस्क होते, जन्मभर हाच विषय शिकवलेले, आणि चेहऱ्यावरून कडक. सकाळी चहा घेताना आमच्या छापील प्रश्नसंचावर त्यांनी नुसती नजर फिरवली, चष्मा न लावता, आणि बोट ठेवले. "इथे चिन्ह चुकलंय. दुरुस्त करा."

लॅबमध्ये ते खुर्चीवर बसले. मी बोरुडे सरांच्या बाजूला बसलो. मनात नाम चालले होते, आणि सरांच्या वतीने काय बोलायचे त्याची जुळवाजुळवही. सर उठले आणि त्यांनी फळ्यावर पहिला प्रश्न लिहिला.

"हे काय?" परीक्षक म्हणाले. "लेखी परीक्षा झाली ना? ही तोंडी आहे."

मी तोंड उघडणार, तोच पहिली परीक्षार्थी सविता पुढे झाली. तिने प्रश्न वाचला, सरांच्या समोरचा खडू उचलला आणि प्रश्नाखाली उत्तर लिहू लागली.

"बाई, बोलून सांगा."

"सर, मला लिहूनच नीट येतं," ती म्हणाली आणि लिहीत राहिली.

दुसरा आला, त्यानेही लिहिले. तिसरीनेही. आपसात ठरले होते का, मी कधी विचारले नाही. राळेगणकडच्या मुलाचे अक्षर वाईट, त्याची ओळ चुकली; सरांनी ती बोटाने पुसली आणि त्याला पुन्हा खडू दिला. या वेळी त्याने बरोबर लिहिली. परीक्षक एकदा सरांच्या गळ्यावरील रुमालाकडे पाहत, एकदा फळ्याकडे. मग त्यांनी पेनाला टोपण लावले. लॅबमध्ये खडूखेरीज काही ऐकू येईना.

बऱ्याच वेळाने परीक्षक उठले. मला वाटले, प्राचार्यांकडे निघाले. ते फळ्याजवळ गेले, त्यांनीही खडू घेतला आणि पुढच्या मुलासाठी स्पर्शिकेच्या पद्धतीचे सूत्र लिहिले. त्या सूत्रात जुन्या अंदाजातून एक भागाकार वजा करायचा असतो, म्हणजे नवा अंदाज उत्तराच्या जवळ येतो. सकाळी चष्म्याशिवाय चुकलेले चिन्ह पकडणाऱ्या परीक्षकांनी वजाच्या जागी अधिक लिहिले होते. अधिक केले की उत्तर दर पायरीला दूर जाते.

मुलगा फळ्यासमोर गोंधळून उभा राहिला. त्याने सरांकडे पाहिले. परीक्षक खडू हातात धरून बाजूला उभे होते, खिडकीबाहेर बघत.

बोरुडे सर जागचे उठले. फळ्याशी जाऊन त्यांनी त्या चिन्हाची उभी रेघ बोटाने पुसली.

परीक्षकांनी मान वळवून फळ्याकडे पाहिले. हातातला खडू त्यांनी सरांच्या तळव्यावर ठेवला, आणि परीक्षार्थींच्या बाकावर, सविताच्या शेजारच्या रिकाम्या जागी, जाऊन बसले.