नणंदेने आधी घड्याळ पाहिलं

धाकट्या दिराच्या लग्नाला आमच्या वसईच्या घरी पाहुणे जमले होते. सासूबाईंनी घरी केलेली जांभळाची वाइन दुपारी सगळ्यांना वाटली गेली. मला सवय नव्हती, तरी मांडवातल्या उकाड्यात, रिकाम्या पोटी, तीन पेले प्यायले. दोन वाजता रोजची गोळी घेतली आणि वीस मिनिटांत मोरीत सगळं बाहेर.

मुलगी तेव्हा वर्षाची होती. लगेच दुसरं मूल नको म्हणून गोळ्या चालू होत्या, आणि ते फक्त नवऱ्याला माहीत होतं. मी मोरीतच रडायला लागले.

मागोमाग मोठी नणंद आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स. लाज सोडून मी तिला सगळं सांगितलं. "ताई, दारूने गोळी वाया गेली असेल का हो?"

ती हसली नाही, रागावलीही नाही. आधी तिने घड्याळ पाहिलं.

"दारूने गोळी वाया जात नाही. पण घेऊन वीसच मिनिटं झालीत, म्हणजे ती उलटीतच गेली. पाकिटातली पुढची आत्ता घे. उद्याची नेहमीच्या वेळेला. पाकीट एक दिवस आधी संपेल, एवढंच."

तेवढ्यात दारात सासूबाई. "कसली गोली?"

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं. मग ती सरळ म्हणाली, "दिवस राहू नयेत म्हणून घेते, आई. दोघांनी ठरवलंय."

सासूबाईंनी तांब्या पुढे केला. "पानी पी आदी. मग ती गोली घे."

मी गोळी घेतली. नणंद ती पोटात ठरेपर्यंत, बाहेर बँड वाजत असताना, दोन-तीन तास माझ्याजवळ बसून राहिली. "प्यायलीस याचं काही नाही," ती म्हणाली, "पण पिऊन गोळी विसरणाऱ्या बायका मी रोज बघते. नव्या पाकिटापासून सकाळी दात घासल्यावर घेत जा."

पाळी वेळेवर आली. पुढे चार वर्षांनी, आम्हाला हवा होता तेव्हा, मुलगा झाला. आज घरातल्या सुना, भाच्या असले प्रश्न नणंदेला भर स्वयंपाकघरात विचारतात. तीही भाजी चिरता चिरता, आवाज न चोरता उत्तर देते. मला अजून तसं बोलायला जमत नाही.